अस्थी, शरीर आणि सांगाडा : मावळातील लेण्यांच्या आधारे

१

प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास हा जीवशास्त्राचा विषय आणि शब्दांचा अभ्यास हा भाषाशास्त्राचा. या दोहोंची सांगड कशासाठी, असा प्रश्न प्रस्तुत लेखाचे शीर्षक पाहून वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या दोन अभ्यासांचा संबंध जुना असून तो दुहेरी आहे. पहिला संबंध पद्धतीचा. फ्रीड्रिख श्लेगेल याने १८०८ साली भारतीयांची भाषा व ज्ञान यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तौलनिक व्याकरणाची कल्पना समजावून देताना त्याने तौलनिक शरीररचनाशास्त्राचाच दृष्टान्त घेतला. त्या काळी पॅरिसमध्ये कुव्हिए हा निरनिराळ्या प्राण्यांचे सांगाडे शेजारीशेजारी मांडून त्यांची तुलना करीत होता, आणि सुट्या हाडांवरून अवघ्या प्राण्याची रचना अनुमानाने उभी करता येते असे प्रतिपादन करीत होता. हीच रीत पुढे भाषाभ्यासकांनी धातू आणि प्रत्यय यांना लावली. १८१६ साली बॉपने क्रियापदांच्या रूपांची तुलना करून या शास्त्राचा पाया घातला, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे.

या दोन्ही शास्त्रांत वरवरचे साम्य आणि मूळचे साम्य यांत भेद करावा लागतो. वटवाघळाचा पंख आणि पतंगाचा पंख यांचे कार्य एकच. परंतु पतंगाच्या पंखात हाड नाही. उलट, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, घोड्याचा पुढचा पाय आणि माणसाचा हात ही चारही अंगे दिसण्यात अगदी वेगळी असली तरी त्यांतील हाडांचा क्रम एकच आहे : वर एक हाड, त्याखाली दोन, मग मनगटाच्या बारीक हाडांचा पुंजका आणि शेवटी बोटे. घोड्याच्या पुढच्या पायाला मध्यभागी जो सांधा असतो त्याला आपण गुडघा म्हणतो. रचनेच्या दृष्टीने ते घोड्याचे मनगट होय, आणि त्याखालचा सारा पाय म्हणजे एका बोटाचा विस्तार होय. बैल अशा दोन बोटांवर चालतो. हत्तीच्या पायात पाचही बोटे आहेत, मात्र ती मांसल गादीत दडलेली असतात. मूळचा शब्द कोणता, उसना कोणता आणि केवळ योगायोगाने सारखा दिसणारा कोणता, हे ठरविताना भाषाभ्यासकाला अशाच तऱ्हेचा विवेक करावा लागतो.

दुसरा संबंध पुराव्याचा आहे, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय तोच आहे. भूतकाळातील माणसे आपल्यामागे दोन प्रकारचे अवशेष ठेवून जातात. एक त्यांची स्वतःची व त्यांच्या जनावरांची हाडे. दुसरा त्यांचे शब्द. हे दोन्ही अवशेष एकाच स्थळी एकत्र सापडणे दुर्मिळ असते. पुणे जिल्ह्यात या विभागणीचे एक ठळक उदाहरण आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, मावळात, मृतांच्या अस्थींविषयी बोलणारे शिलालेख आहेत, पण त्या अस्थी हाती नाहीत. जिल्ह्याच्या पूर्व भागात, घोड नदीच्या काठी, अस्थी विपुल आहेत, पण त्या माणसांचा एकही शब्द उरलेला नाही. या दोन स्थळांच्या पुराव्यांतून काय निष्पन्न होते आणि काय होत नाही, याचा विचार पुढे केला आहे.

२

प्रथम शब्दांकडे वळू. मराठीत या वस्तूसाठी दोन शब्द आहेत : अस्थी आणि हाड. पहिला संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. तो फार प्राचीन असून अवेस्तातील 'अस्त', ग्रीकमधील 'ऑस्तेऑन', लॅटिनमधील 'ऑस' आणि फारसीतील 'उस्तुख्वान' हे त्याचे सगोत्र होत. त्याची रूपे अनियमित चालतात, अस्थि, दधि, सक्थि आणि अक्षि या चार शब्दांसाठी पाणिनीला स्वतंत्र सूत्र (७.१.७५) करावे लागले. नित्याच्या वापरातील अतिप्राचीन शब्दच असा आपला अनियमितपणा टिकवून धरतात.

दुसरा शब्द, हाड, हा प्राकृत 'हड्ड' यापासून आला. सत्त पासून सात, हत्थ पासून हात, त्याचप्रमाणे हड्ड पासून हाड. जोडव्यंजन सुटे झाले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला. परंतु 'हड्ड' कोठून आला हे संस्कृताच्या आधारे नीट लागत नाही. हेमचंद्राने बाराव्या शतकात त्याची गणना देशी शब्दांत केली. म्हणजे मराठीच्या रोजच्या बोलण्यात जो शब्द रूढ झाला तो वेदांतील शब्दाचा वंशज नसावा.

मग 'अस्थि' या शब्दाचा स्वाभाविक मराठी वंशज कोठे गेला? तो नाहीसा झाला नाही. त्याने अर्थ बदलला. संस्कृतात अस्थि म्हणजे फळातील कठीण बी असाही अर्थ होता. प्राकृतात 'अट्ठि' झालेला हा शब्द मराठीत फणसाच्या आठळीत शिल्लक राहिला आहे. फणस फोडून आठळ्या भाजणाऱ्या कोकणी माणसाला आपण मूळच्या अस्थि या शब्दाचाच एक वंशज उच्चारीत आहोत, याची कल्पना असण्याचे कारण नाही.

पुढे अस्थि हा शब्द पंडितांच्या आणि पुरोहितांच्या वाटेने मराठीत परत आला, तेव्हा त्याने हाड या शब्दाशी कामाची वाटणी करून घेतली. कोंबडीची हाडे असतात, बैलाची हाडे असतात, जिवंत माणसाचेही हाड मोडते. मात्र दहनानंतर सावडल्या जातात त्या अस्थी, आणि नदीत सोडल्या जातात त्याही अस्थीच. मृताची 'हाडे' गोळा केली असे म्हणणे मराठी माणसाला अभद्र वाटते. 'सावडणे' हे क्रियापदही आज बहुधा याच एका प्रसंगासाठी राखून ठेवलेले आहे. एकाच पदार्थाला दोन शब्द देऊन भाषेने येथे माणूस आणि इतर प्राणी यांच्यात एक रेषा ओढली आहे. ही रेषा शरीररचनेत नाही.

परंतु याच भाषेने दुसरीकडे ती रेषा पुसलीही आहे. पाठीच्या कण्याच्या शेवटच्या हाडाला मराठीत माकडहाड म्हणतात. शेपूट नसलेल्या माणसाच्या अंगी शेपटाच्या मुळाचे हाड आहे, ही गोष्ट डार्विनचे नावही कानी नसलेल्या लोकांनी या नावात नोंदवून ठेवली आहे. इतर नावे पाहिली तर ती बहुतेक घरातील वस्तूंवरून घेतलेली दिसतात. मणका हा मणी होय. गुडघ्यावर वाटी असते. खांद्याला फरा असतो. लांब पोकळ हाड ती नळी, आणि हा शब्द खाटकाच्या दुकानातही तसाच चालतो. बोटाला उसासारखी पेरे असतात. कवटी माणसाची तशी कवठाचीही. समग्र रचनेला सांगाडा, सापळा किंवा पिंजरा म्हणतात; यांतील पहिला शब्द घराच्या वा होडीच्या चौकटीचा, दुसरा उंदीर पकडण्याचा, तिसरा पोपटाचा. हाडांच्या समग्र रचनेसाठी मराठीने सुतारकामातील शब्द पसंत केले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे कार्ल्याच्या संदर्भात त्याचा उपयोग होईल.

प्राण्यांच्या वर्गीकरणातही या शब्दांचा विवेक दिसतो. माशाच्या हाडाला मराठी माणूस हाड म्हणत नाही, तो काटा. मुशीला काटे नसतात असे कोळिणी सांगतात, आणि ते शास्त्राला धरून आहे. मुशी हा शार्कच्या कुळातला मासा असून त्याचा सांगाडा हाडाचा नसून कूर्चेचा असतो. माकुळासारख्या प्राण्यांच्या पाठीत जो पांढरा, हलका, चुन्याचा पदार्थ सापडतो त्याला काही भाषांत हाड म्हणतात. मराठीत तो समुद्रफेस. तो प्राणी पृष्ठवंशी नाही आणि तो पदार्थ वस्तुतः शिंपल्याचा अवशेष आहे, म्हणून हाड हे नाव टाळण्यात मराठीने औचित्यच राखले असे म्हणावे लागेल.

शास्त्रीय गणनेचीही आपल्याकडे परंपरा होती. चरकसंहितेत माणसाच्या शरीरात ३६० अस्थी सांगितल्या आहेत, सुश्रुताने ३०० मानल्या. आजच्या गणनेप्रमाणे प्रौढ माणसाच्या सांगाड्यात २०६ हाडे असतात. ही तफावत निष्काळजीपणाची नव्हे. प्राचीन वैद्य दात, नखे आणि कूर्चा यांनाही अस्थींत धरीत, हे हर्न्ले याने १९०७ साली आपल्या ग्रंथात तपशीलवार दाखवून दिले. त्यातच ३६० ही संख्या वर्षाच्या दिवसांची. शतपथब्राह्मणात शरीराच्या अस्थी आणि संवत्सराचे दिवस यांची सांगड घातलेली आहे. सुश्रुताने अस्थींचे पाच प्रकार केले : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. यांतील 'तरुण' म्हणजे आपले कोवळे हाड, 'नलक' म्हणजे नळी. 'कपाल' मात्र मराठीत येताना कवटीवरून कपाळावर आले आणि तेथून नशिबावर गेले.

३

आता मावळाकडे. मावळ हे नाव सूर्य मावळण्याची दिशा यावरून पडले असे सामान्यतः समजतात. कार्ल्याच्या एका शिलालेखात 'मामालाहार' असा प्रदेशवाचक उल्लेख येतो, आणि तो मावळाचा असल्याचे अभ्यासकांनी मानले आहे. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने यात अडचण नाही. दोन स्वरांमधील 'म' चा मराठीत 'व' होतो, हा नियम झ्यूल ब्लॉकने मराठीच्या इतिहासात विस्ताराने मांडला आहे : ग्राम, गाव, नाम, नाव. तेव्हा मावळ हे नाव दोन हजार वर्षांचे आहे, आणि मावळण्याशी लावलेला संबंध मागाहून जुळविलेला असावा.

या मावळात लोणावळ्याच्या आसमंतात भाजे, कार्ले आणि बेडसे ही तीन लेणी आहेत. त्यांपैकी भाजे सर्वांत जुने, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. कार्ल्याचा मोठा चैत्य इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. घाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी मार्गांच्या लगत ही लेणी खोदली गेली, आणि सोपारा, धेनुकाकट अशा ठिकाणच्या दात्यांची नावे त्यांत कोरलेली आहेत.

प्राण्यांची शिल्पे येथे मुबलक आहेत. कार्ल्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना तीन तीन हत्ती भिंतीतून पुढे आल्यासारखे उभे आहेत. त्यांचे सुळे वेगळे करून बसविलेले होते आणि ते खऱ्या हस्तिदंताचे असावेत असे मत आहे. तसे असल्यास एके काळी या लेण्यात दगडी प्राण्याच्या तोंडी खऱ्या प्राण्याचा दात होता, आणि काळाच्या ओघात दगड राहिला, दात गेला. आतील खांबांच्या माथ्यांवर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांवर आरूढ झालेली माणसे आहेत. हत्तीच्या पायांना सांधे नसतात, म्हणून तो बसू शकत नाही, असा समज युरोपात मध्ययुगापर्यंत चालू होता. ज्यांनी हत्ती रोज पाहिला त्या पाथरवटांना असा भ्रम होण्याचे कारण नव्हते. बेडशाच्या खांबांवर घोडे, बैल आणि हत्ती एकत्र येतात. भाज्याच्या विहारात तर गायीचे धड आणि स्त्रीचे मुख अशा आकृतीही आहेत. शिल्पकाराला दोन देह जोडता येतात. निसर्गात मात्र पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची अंगयोजना ठरलेली असते. माणसाच्या मानेत सात मणके, जिराफाच्या मानेतही सातच. अवयवांच्या जोड्या दोनच. पंख हवा असेल तर हात द्यावा लागतो.

कार्ल्याचा चैत्य ४० मीटरांहून लांब असून त्याच्या कमानदार छताला आतून सागवानी लाकडाच्या फासळ्या बसविलेल्या आहेत. दगडाच्या छताला या लाकडाचा आधार लागत नाही. ज्या लाकडी इमारतींच्या नमुन्यावर हे लेणे खोदले त्यांची ती आठवण आहे. लाकडी चैत्य मुळात सांगाड्यावर उभा असे. दगडात कोरताना सांगाड्याची गरज संपली तरी त्याची आकृती सोडवली नाही. मराठीने शरीराच्या रचनेला इमारतीचा शब्द दिला, आणि येथे इमारतीला शरीराचा शब्द लावल्यावाचून तिचे वर्णन होत नाही.

४

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट एका शब्दात आहे. कार्ल्याच्या चैत्यातील एका खांबावर लेख आहे. सोपाऱ्याहून आलेला, धर्मोत्तरीय संप्रदायाचा सातिमित नावाचा भाणक याने तो खांब दान दिला, असे त्यात नमूद आहे. आणि त्या खांबाला 'ससरिरो थभो' असे म्हटले आहे. संस्कृतात सशरीर स्तंभ. आजचा मराठी वाचक याचा अर्थ सदेह खांब असा करील आणि गोंधळात पडेल. एमील सेनार याने एपिग्राफिया इंडिकाच्या सातव्या खंडात या लेखाचे वाचन दिले, तेव्हा 'सरीर' या शब्दाचा येथे अवशेष, म्हणजे अस्थी, असा अर्थ केला. खांबाच्या अंगावर कोरलेल्या कमळाच्या गाभ्यात एक खोबण आहे. ती या अवशेषासाठी असावी. आज ती रिकामी आहे.

शरीर या शब्दाचा हा अर्थ बौद्धांनी नव्याने निर्माण केला असे नव्हे. वैदिक अंत्यविधीच्या ग्रंथांत 'शरीराणि' हे अनेकवचन दहनानंतर उरलेल्या हाडांसाठी येते. परंपरेने हा शब्द 'शॄ', म्हणजे झिजणे, मोडणे, या धातूपासून साधला जातो. व्युत्पत्ती कोणतीही असो, प्रयोगावरून असे दिसते की शरीर म्हणजे प्रथम देहाचा टिकाऊ, घट्ट भाग; त्यातून एकीकडे संपूर्ण देह हा अर्थ आणि दुसरीकडे देह गेल्यावर उरते ते, हा अर्थ. मराठीने पहिला अर्थ ठेवला, दुसरा सोडला. त्यामुळे कार्ल्याचा खांब आपल्याला परका वाटतो. शब्द ओळखीचा, अर्थ अनोळखी.

'धातु' या शब्दाचीही अशीच कथा आहे. व्याकरणात तो क्रियापदाचे मूळ, आयुर्वेदात शरीराचा घटक, रसशास्त्रात खनिज, आणि बौद्ध परंपरेत पूज्य अवशेष. ज्याच्या पोटी धातू आहे तो धातुगर्भ. त्याचे सिंहली रूप 'दागब', आणि ते इंग्रजी ग्रंथकारांच्या द्वारे आपल्याकडे दागोबा होऊन आले. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या सवयीच्या कानाला हा आणखी एक देव वाटला तर नवल नाही. मूळचा अर्थ अस्थींचे पात्र असा असलेला शब्द मराठीच्या प्रत्ययसाम्यामुळे आदरार्थी देवनामासारखा झाला.

भाज्यात १४ स्तूपांचा एक समूह आहे. पाच आत, नऊ बाहेर. त्यांतील काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत : अंपिकिनक, धम्मगिरि, संघदिन. बेडशाच्या एका लहान स्तूपावरील लेखात गोभूति या थेराचे नाव येते. तो अरण्यात राहणारा, भिक्षेवर निर्वाह करणारा, मारकुड येथील रहिवासी होता, आणि स्तूप त्याच्या शिष्याने करविला. हे राजे नव्हते, श्रेष्ठी नव्हते. राजांनी गावे दिल्याचे लेख कार्ल्यात आहेत, पण कोणाचे अवशेष जपावेत हे येथे सत्तेने ठरविलेले दिसत नाही. आणि सातिमित हा भाणक होता, म्हणजे धर्मवचने मुखोद्गत ठेवून म्हणून दाखविणारा. ज्याचा व्यवसाय शब्द जपण्याचा, त्याने अस्थी जपण्यासाठी खांब दिला.

येथे एक शंका घेता येईल. 'ससरिरो' हा शब्द आहे म्हणून खोबणीत खरोखर मानवी अस्थी होत्या असे मानावे काय? या बाबतीत सोपाऱ्याचे उदाहरण उपयोगी आहे, कारण सातिमित तेथूनच आला होता. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात एकात एक ठेवलेले रुप्याचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक, आणि सर्वांत आत मिळाले ते मातीच्या पात्राचे तुकडे. अस्थी नव्हत्या. बौद्ध परंपरेत अवशेषांचे भेद केले आहेत : देहाचे ते शारीरिक, आणि वापरातील वस्तूंचे ते पारिभोगिक. सोपाऱ्याचे पात्र दुसऱ्या प्रकारचे. हा भेद माहीत असलेल्या संप्रदायात 'सरीर' हा शब्द लेखात मुद्दाम घातला जातो, तेव्हा तो सैलपणे वापरला असेल असे वाटत नाही. म्हणून शब्दाला येथे पुराव्याचे मोल द्यावे लागते. परंतु अस्थी कोणाच्या, स्त्रीच्या की पुरुषाच्या, वृद्धाच्या की तरुणाच्या, हे शब्द सांगू शकत नाही.

५

मावळात अस्थी का टिकल्या नाहीत, याची कारणे केवळ लुटारूंच्या हाती सोपविता येत नाहीत. हाडाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिजाचा, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा. उरलेला भाग प्रथिनांचा. माती आम्लधर्मी असेल आणि पाणी सतत झिरपत असेल, तर खनिज विरघळते आणि हाडाचा आकारच नाहीसा होतो. लोणावळ्यास वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. असा पाऊस जमिनीतील चुना धुऊन नेतो. खाली कातळ काळा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात जीवाश्मांची आशा नाही. महाराष्ट्रात डायनोसॉरची हाडे सापडली ती चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्यास, लाव्ह्याखालच्या गाळाच्या खडकात.

पूर्वेस जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. शिरूर तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो, काळ्या मातीत चुनखडीचे खडे दिसू लागतात, आणि हाडे टिकतात. एकाच जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत, हा पालट होतो. तेव्हा पुराव्याच्या विभागणीत इतिहासाइतकाच भूगोलाचाही हात आहे. मावळातील प्राचीन वस्तीची हाडे मिळत नाहीत यावरून तेथे वस्ती विरळ होती असा निष्कर्ष काढणे सदोष ठरेल.

६

इनामगाव हे शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे गाव. डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, आणि त्याचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. वस्तीचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७००; म्हणजे भाज्याचे पहिले लेणे खोदले जाण्याच्या कित्येक शतके आधीचा. येथे दोनशेहून अधिक दफने मिळाली. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढांचे सांगाडे खड्ड्यात उताणे, आणि बहुधा घोट्याखालचे पाय तोडलेले. एक प्रौढ मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसविलेला, आणि त्याचे पाय शाबूत.

जनावरांची हाडेही भरपूर. गायबैल, शेळ्यामेंढ्या, हरणे, मासे. हाडाचा तुकडा कोणत्या प्राण्याचा हे त्याच्या सांध्याच्या टोकावरून ओळखतात. वय दातांच्या झिजेवरून आणि हाडाची टोके दांड्याला जुळली आहेत की नाहीत यावरून. ते प्राणी कापून खाल्ले की नाही हे सुरीच्या खुणांवरून. शेळी आणि मेंढी यांच्या हाडांतला फरक फार बारीक असल्यामुळे अहवालांत ती दोन्ही पुष्कळदा एकाच सदरात घालावी लागतात. भाषेने ज्यांना दोन नावे दिली त्यांना सांगाडा सहजासहजी वेगळे करू देत नाही.

या हाडांवरून ती माणसे काय खात, त्यांची मुले कोणत्या वयात दगावत, त्यांच्या दातांना कोणते रोग होते, हे सांगता येते. पण पाय का तोडीत? मृताने परत चालत येऊ नये म्हणून, अशी उपपत्ती मांडली गेली आहे. चार पायांच्या रांजणातला माणूस प्रमुख असावा, असेही म्हटले गेले. या उपपत्ती संभाव्य आहेत. परंतु त्यांना दुजोरा देणारा शब्द नाही. त्या लोकांजवळ लिपी नव्हती. बेडशाचा स्तूप आकाराने सामान्य, पण गोभूति अरण्यवासी होता हे आपण निश्चितपणे जाणतो. इनामगावच्या त्या पुरुषाचे हाडन् हाड मोजता येते, पण त्याला कोणत्या नावाने हाक मारीत हे कधीही कळणार नाही.

भाषाभ्यासकाने येथे विशेष सावध राहिले पाहिजे. इनामगावचे लोक कोणती भाषा बोलत, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्याची अपेक्षा असते की कवटीच्या मापांवरून उत्तर निघावे. तसे उत्तर निघत नाही. कवटीच्या हाडांत भाषेची खूण उमटत नाही; भाषा मूल आईबापांकडून ऐकून शिकते, आणि दुसऱ्या घरात वाढले तर दुसरीच शिकते. हाड आणि भाषा यांचा वारसा वेगवेगळ्या वाटांनी जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गोष्टीचा विसर पडल्याने युरोपात केवढा अनर्थ झाला हे सर्वविदित आहे. या संदर्भात इरावती कर्वे यांचे उदाहरण उल्लेखनीय आहे. त्यांनी १९३० साली बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला. कवटीच्या रचनेत वांशिक श्रेष्ठत्वाची खूण सापडावी ही मार्गदर्शकांची अपेक्षा होती. कर्व्यांनी घेतलेल्या मापांनी तिला आधार दिला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. पुढे डेक्कन कॉलेजात सांकलियांच्या बरोबर त्यांनी गुजरातेतील लांघणज येथील मानवी सांगाड्यांवर काम केले. त्याच स्थळी गेंड्याच्या खांद्याचा फरा मिळाला. त्यावरील खळग्यांवरून तो दगडी हत्यारे घडविताना ऐरणीसारखा वापरला असावा असे दिसते. हाडावरून काय वाचावे आणि काय वाचू नये, याची मर्यादा त्या पिढीने प्रत्यक्ष कामातून आखून दिली.

७

आतापर्यंतच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. शब्द आणि अस्थी हे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत. मावळातील साक्षीदार नाव सांगतो, नाते सांगतो, श्रद्धा सांगतो. देहाविषयी मौन पाळतो. घोडकाठचा साक्षीदार वय सांगतो, आहार सांगतो, रोग सांगतो. नावाविषयी मौन पाळतो. एकाचे मौन दुसऱ्याच्या बोलण्याने भरून काढण्याचा मोह संशोधकाला होतो, कारण स्थळे जवळ आहेत, दोहोंचे पाणी अखेर भीमेलाच मिळते, आणि लोकही परंपरेने एकच असावेत असे वाटते. परंतु त्यांच्यामध्ये पाचशे वर्षांचे अंतर आहे आणि विधी परस्परविरुद्ध आहेत : एकीकडे संपूर्ण देह घराच्या जमिनीखाली, दुसरीकडे दहनानंतरचा कण दगडाच्या कमळात. हे अंतर जसे आहे तसे मान्य करणे हेच येथे शास्त्रीय होय.

विद्यार्थ्यांसाठी यातून एक काम सुचते. मराठीच्या बोलींमध्ये प्राण्यांच्या हाडांची नावे अद्याप जिवंत आहेत : खाटकांची, धनगरांची, कोळ्यांची, हाडे बसविणाऱ्या वैदूंची. कार्ल्यास एकवीरेच्या यात्रेला कोकणपट्टीतून कोळी समाज येतो आणि मावळातील धनगर व शेतकरी तेथे त्यांना भेटतात. एकाच डोंगरावर माशाच्या काट्यांचे आणि बोकडाच्या नळ्यांचे शब्दभांडार एकत्र ऐकावयास मिळते. हे शब्द कोशांत पूर्णपणे आलेले नाहीत, आणि मुलांच्या पाठ्यपुस्तकांत त्यांची जागा संस्कृत परिभाषेने घेतली आहे. परिभाषा आवश्यक आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण फरा, वाटी, माकडहाड, कोवळे हाड हे शब्द एकदा विस्मरणात गेले तर त्यांचे उत्खनन करता येणार नाही. हाड मातीत दोनतीन सहस्रके राहू शकते. न लिहिलेला शब्द बोलणाऱ्या शेवटच्या माणसाबरोबर जातो. सातिमिताने आपल्या काळी खांबावर दोन शब्द कोरून घेतले, म्हणून आज त्या रिकाम्या खोबणीचा अर्थ लागतो.